भाऊ, तू डायरेक्ट केलेली शेगडी

भाऊ,

परवा तुझी तेरवी झाली. पंगती उठल्यावर मंडपात लोक तुझ्याबद्दल बोलले. बाजारातले सगळे दुकानदार आले होते. "हात लावला का शेगडी लाल," असं एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. "असा मिस्त्री मूल गावामधी आता होणार नाई," दुसरा म्हणाला. मग तुझा तो सायकलवाला दोस्त उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आयुष्यात कोनाचं वाईट केलं नाई यानं." वहिनीनं पदरात तोंड घातलं. मग कोणीतरी माइक माझ्यासमोर धरला. "सुमाताई, तुमी दोन शब्द बोला. तुमचा तं गुरूच होता तो."

मी मान हलवली. "मले बोलता येत नाई," म्हटलं. लोकांना वाटलं, बहिणीचा गळा दाटला. गळा दाटला नव्हता. दात आवळले होते. नऊ वर्षांपूर्वी आवळले होते तसेच.

तेव्हा बोलले नाही, परवाही बोलले नाही. आता बोलते. तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस, हे तुझ्या मरणाचं एवढंच काय ते बरं झालं.

आधी जे तुझं आहे ते तुला देऊन टाकते, म्हणजे मग मला मोकळेपणानं भांडता येईल.

बाबांच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत क्वार्टरांना मीटर नव्हते, म्हणून घरोघरी हीटरवर स्वयंपाक व्हायचा. मातीची चौकोनी प्लेट, तिच्यातल्या खाचांमध्ये बसवलेली स्प्रिंगसारखी कॉइल. दर आठवड्याला कुणाची ना कुणाची कॉइल तुटायची. तू नववीत होतास, मी सहावीत. बाया तुला हाक मारायच्या आणि तू पक्कड घेऊन पळायचास. तुटलेली दोन टोकं एकमेकांत अडकवायचास, पिळा द्यायचास, झालं. हीटर लाल. बाई खूश. तुला लाडू मिळायचा, त्यातला अर्धा मला.

चार दिवसांनी कॉइल त्याच पिळ्यापाशी पुन्हा तुटायची. हे मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. "भाऊ, तू जोडतो तिथीच तुटते." तू म्हणालास, "मंग पुन्हा जोडू. लाडू पुन्हा भेटन." मी हसले होते. तुझा सगळा स्वभाव त्या उत्तरात होता आणि मी हसले होते.

आणि दुसरं. माझ्या सासरी वरोऱ्याला मी दोन वर्षं काढली. तिसऱ्या वर्षी मी तुला एक पोस्टकार्ड टाकलं, त्यावर फक्त "येऊन जा" एवढंच लिहिलं होतं. कार्ड मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मोटरसायकल घेऊन दारात उभा. माझ्या सासऱ्यांनी खुर्ची दिली, तू बसला नाहीस. माझ्या गालाकडे एकदा पाहिलंस. "पेटी भर," म्हणालास. पेटी मागच्या सीटला दोरीनं बांधलीस, मला मध्ये बसवलंस. रस्त्यात एकही प्रश्न विचारला नाहीस. चंद्रपूरला एका दुकानासमोर गाडी थांबवली, आत गेलास आणि वीज तपासायचा एक मल्टिमीटर घेऊन आलास. पिवळ्या रंगाचा, लाल-काळ्या वायरींचा. "घरी बसून रडत नोको बसू. माह्यासंगं दुकानात बस," म्हणालास.

कुठल्या भावानं बहिणीला असं आणलं असेल? मी शोधून दमले, मला दुसरा सापडला नाही. म्हणूनच तर तुझा राग इतका येतो. तू वाईट माणूस असतास तर मी केव्हाच मोकळी झाले असते.

तुझ्या विजेच्या शेगड्या दुरुस्त करायच्या दुकानात मी शिकले. पण तुझ्यासारखी नाही शिकले. तुला शेगडी सुरू करायची घाई, मला ती का बंद पडली याची. गिऱ्हाइकासमोर मी पहिल्यांदा प्लग काढायचे, मग त्याच बोर्डात दुसरं काही लावून वीज येते का ते पाहायचे, मग वायर, मग कॉइल. मीटर लावून आकडा पाहायचे. तू मागून ओरडायचास, "अवं, मीटर कायले पाह्यतं? वास घे. जळल्याचा वास आला तं कॉइल गेली, नाई आला तं स्विच गेला."

"अन् दोन्ही गेले असले तं?"

"तं डायरेक्ट."

डायरेक्ट. हा तुझा मंत्र. स्विच खराब झाला की स्विच बाजूला काढायचा आणि वीज सरळ कॉइलला द्यायची. शेगडी लगेच तापते. फक्त मग नॉब फिरवून ती बंद होत नाही. पण तोवर मिस्त्री घरी गेलेला असतो.

मी दुकानात आल्यावर तुझी डायरेक्टची कामं मी मागच्या मागे सुधारत होते, हे तुला ठाऊक होतं. गिऱ्हाईक शेगडी न्यायला येण्याआधी मी ती उघडायचे, नवा स्विच बसवायचे, झाकण लावायचे. तू पाहायचास आणि पेपर वाचायचास. एकदाच म्हणालास, "तुह्यासारखी बहीण असली का मिस्त्र्याले देव लागत नाई." मला किती बरं वाटलं होतं ते ऐकून. आज वाटतं, तू मला सांगून टाकलं होतंस की माझं काम काय आहे. तुझ्यामागून पुसत जायचं.

आता त्या रेंजचं.

मार्कंडा देवस्थानाच्या रस्त्यावरचं एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह. तिथल्या स्वयंपाकघरात कुणीतरी मोठ्या साहेबाच्या बंगल्यातून उतरलेली विजेची रेंज आणून बसवली होती. वर चार गोल कॉइलच्या चुली, खाली ओव्हन, सगळी पत्र्याची. गॅस संपला की त्यावर साठ मुलींचं वरण शिजायचं. फोन आला की पुढची डावी चूल तापत नाही आणि अधूनमधून एमसीबी पडतो, म्हणजे बोर्डातला खटका खाली येऊन वीजच जाते. तुला त्या दिवशी सिंदेवाहीला जायचं होतं. तू मला पाठवलंस.

स्वयंपाकीण होती शकुनबाई. पस्तिशीची असेल. नवरा गावच्या तलावात मासोळ्या धरायचा. तिनं मला आधी चहा दिला आणि मग म्हणाली, "पुरुष मिस्त्री नाई आला, बरं झालं. कमीत कमी चुलीवरचं खरकटं पुसून तरी काम करसान."

मी मेन स्विच बंद केला. न तापणारी कॉइल ओढून काढली. तुटलेली नव्हती, काळी पडली नव्हती. मीटरवर आकडा बरोबर आला. तीच कॉइल शेजारच्या चुलीत बसवली, वीज दिली, लालभडक झाली. शेजारची चांगली कॉइल इकडे बसवली, थंड. म्हणजे दोष कॉइलचा नव्हताच. नॉबच्या मागचा स्विच उघडला तर आतले पॉइंट जळून खाक. मग एमसीबीचं पाहिलं. मागची उजवी कॉइल तापली की तिच्यातून वीज पत्र्यात उतरत होती. पत्र्याला अर्थिंगची वायर होती म्हणून वीज तिथून जमिनीत जायची आणि एमसीबी पडायचा. पडायचा म्हणजे तो स्वयंपाकघरातल्या बायांचा जीव वाचवत होता. त्या अर्थिंगचा स्क्रू मी स्वतः पेचकसानं आवळला, भाऊ. वायर ओढून पाहिली. हलली नाही.

वसतिगृहाच्या नोंदवहीत मी लिहिलं, स्विच आणि मागची कॉइल नागपूरहून मागवायची आहे, चार दिवस लागतील, तोपर्यंत रेंज वापरू नये. खाली सही केली. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात 'बंद' लिहून तो रेंजवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीच्या जत्रेचे पाहुणे संस्थेत जेवायला यायचे होते. गृहपाल मॅडमनी थेट तुला फोन केला. मला तू काही सांगितलं नाहीस. दुपारी मोटरसायकल काढलीस, "येतोच" म्हणालास. दोन तासांत परत आलास, खिशातून पेढा काढून मला दिलास. जत्रेचा असेल, असं मला वाटलं.

बारा दिवस झाले तरी नागपूरचं सामान आलं नव्हतं. त्या दिवशी शकुनबाई ओल्या फडक्यानं रेंज पुसत होती. मागच्या उजव्या चुलीवर वरण शिजत होतं, पुढच्या डावीचा नॉब बंद होता. पायाखाली फरशी ओली. तिला पत्र्यानं धरलं. उजवा हात तापलेल्या कॉइलवर पडला आणि तिथेच राहिला, कारण ती तो उचलू शकत नव्हती. एका मुलीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. शकुनबाई गडचिरोलीच्या दवाखान्यात दीड महिना होती. जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं आत वळून तशीच राहिली.

संस्थेचे लोक चौकशीला बसणार होते त्या सकाळी तू माझ्या खोलीत आलास. दार लावलंस. माझ्या पायाशी बसलास, भाऊ. मला आजही तुझा तो वाकलेला माथा दिसतो.

"सुमे, मले आत टाकतीन."

"तू डायरेक्ट केली?"

"पाहुणे येनार होते. मॅडम रडून राह्यल्या होत्या फोनवर."

"अन् अर्थिंग? मी आवळून आली होती."

"सुटली असंल."

"सुटत नाई ते. मी ओढून पाह्यली होती."

"सुटली असंल म्हनतो ना!" तू ओरडलास, आणि लगेच आवाज खाली केलास. "दोन लेकरं आहे मले. तुह्यावर कोनी केस नाई करनार. तू बाईमाणूस, शिकाऊ. मले फकस्त आजचा दिवस सांभाळ. तुले म्या वरोऱ्याहून आणलं होतं ना?"

मी आयुष्यभर ज्या उपकारानं वाकले होते, तो तू तेव्हा पहिल्यांदा बोलून दाखवलास. पहिल्यांदा आणि शेवटचं. एकदाच पुरला.

संस्थेच्या हॉलमध्ये त्यांनी नोंदवही उघडली. शेवटची सही माझी. साहेबांनी विचारलं, "वापरू नका असं लिहिलंय, मग जोडून कुणी दिली?" तू उभा राहिलास. हात जोडलेस. "साहेब, दुसऱ्या दिवशी तिनंच जाऊन जोडली. बाईच्या जातीले किती समजनार? माहीच चुकी, म्या पाठवलं." किती नम्र दिसत होतास! तिथल्या दोघा-तिघांना तुझी दया आली. मॅडम खाली पाहत होत्या. त्यांना तर सगळंच ठाऊक होतं, फोन त्यांनीच केला होता. साहेबांनी मला विचारलं, "खरं आहे?"

मी "हो" म्हटलं नाही. मी काहीच म्हटलं नाही. त्यांनी ते "हो" म्हणून लिहून घेतलं.

त्यानंतरची नऊ वर्षं तू मला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलंस. गिऱ्हाइकांना बाई मिस्त्री नको, असं तू म्हणालास. का नको ते तूच पसरवलं होतंस. पुढून शेगड्या यायच्या, पडद्यामागे मी त्या उघडायचे, दोष शोधायचे, नवं सामान घालायचे. पडद्यापलीकडे तू म्हणायचास, "झाली बावा, घ्या. हात लावला का चालू." एकदा एक बाई म्हणाली, "तुमची ती बहीण आता काम नाई ना करत? ते शॉक लागला होता म्हणे कोनाले." तू म्हणालास, "नाई नाई, तिले हात नाई लावू देत मी." मी पडद्यामागे होते. माझ्या हातात त्याच बाईची शेगडी होती.

भाऊ, त्या क्षणी मला वाटलं होतं, ही शेगडी तशीच सोडून द्यावी. सोडली नाही. आवळून, तपासून दिली. माझा राग तुझ्यावर होता, त्या बाईच्या हातावर नाही.

तू जायच्या चार दिवस आधी मी पुन्हा विषय काढला. तू जेवत होतास. मी म्हटलं, "भाऊ, एक डाव खरं सांग. अर्थिंग कशी सुटली?" तू टीव्हीचा आवाज वाढवलास. "किती वर्षं तेच तेच उगाळतं, सुमे. सुटली असंल स्क्रूतून. जुनी मशीन होती." चार दिवसांनी सकाळी दुकानाच्या खुर्चीवर चहा पिता पिता तुझी मान कलली. डॉक्टर येईपर्यंत मी तुझे तळवे घासत होते आणि मनात म्हणत होते, अजून नको, अजून तू सांगितलं नाहीस.

पळून गेलास. तुला तेवढं छान जमायचं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी सकाळची बस धरली आणि शकुनबाईच्या गावी गेले. लोहखनिजाच्या ट्रकांनी तो रस्ता आता लाल केला आहे, झाडांची पानंसुद्धा लाल. शकुनबाई तलावाच्या पाळीवर मासोळ्या साफ करत बसली होती. विळी पायाखाली, मासोळी डाव्या हातात, उजव्या हाताच्या वळलेल्या बोटांनी ती नुसती टेकवून धरलेली. मला ओळखलं. "बस" म्हणाली नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "शकुनबाई, माहा भाऊ गेला. ते रेंज मी नोती जोडली. त्यानं जोडली होती."

ती मासोळीचे खवले काढत राहिली. "मले काय सांगतं? मी तिथीच होती. माह्या समोर तं जोडली त्यानं. मले म्हणे, भिंतीवरच्या बटनानं बंद करत जाजो."

मला हे कधी सुचलंच नव्हतं, भाऊ. नऊ वर्षं मी तुझ्या-माझ्या भांडणात इतकी गुंतले होते की स्वयंपाकघरात स्वयंपाकीण उभी असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चौकशी झाली तेव्हा ती दवाखान्यात होती, एवढंच मला ठाऊक.

"मंग तुमी सांगतलं नाई कोनाले?"

तिनं विळी बाजूला सारली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगतलं ना. दवाखान्यातून आली अन् सगळ्यांत आंदी तेच सांगतलं. संस्थेच्या हाफिसात जाऊन सांगतलं. मोठ्या मिस्त्र्यानं केलं, मॅडमनं बोलावलं होतं त्याले. ते म्हणे, बाई, त्याच्या बहिणीनं तं कबूल केलं. तू काऊन खोटं बोलतं? भरपाईसाठी मोठ्या माणसावर नाव घालून राह्यली, असं म्हणे. कागदावर लिवलं, खोटी तक्रार. कामावर घेतलं नाई मंग. खोटारड्या बाईले पोरींच्या घरात कोन ठेवते?"

तलावावर कुणीतरी जाळं झटकत होतं.

"मी तं कबूल नोतं केलं," मी म्हटलं. "मी फकस्त चूप होती."

"एकच आहे ते."

मग तिनं विचारलं, "तो जिता असता तं आली असती काय तू?"

मी तिच्या विळीकडे पाहिलं. ती लुगड्याला हात पुसत उठली. "चाल. लिहून दे. आत्ताच्या आत्ता."

आम्ही दोघी चालत वसतिगृहात गेलो. मॅडम नव्या आहेत, तरुण. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी जुनी फाइल शोधायला घेतली. शकुनबाई मला हाताला धरून मागच्या व्हरांड्यात घेऊन गेली. "ते पाह्य."

रेंज तिथेच पडली होती. सामानाच्या यादीत तिचा नंबर आहे, म्हणून नऊ वर्षं कुणी टाकली नाही. तिच्यावर तांदळाची रिकामी पोती आणि फुटकी बादली. मी पोती काढली. पिशवीतून पेचकस काढला आणि मागचा पत्रा उघडला.

तुझं काम मला हजारात ओळखू येतं, भाऊ. तू वायर तीन वेढे पिळतोस आणि शेवटचा वेढा उलटा मारतोस. पुढच्या डाव्या चुलीचा स्विच तसाच जळका लटकत होता आणि त्याच्या बाजूनं तुझे तीन वेढे, चौथा उलटा. हे मला अपेक्षित होतं.

मग मी अर्थिंगचा स्क्रू पाहिला. स्क्रू घट्ट होता. मी आवळला होता तसाच. त्याच्याखाली वायरचा बोटभर हिरवा तुकडा अजून अडकलेला होता. उरलेली वायर कटरनं सरळ कापलेली, मागे वळवून पत्र्याच्या कडेला खोचलेली. आणि तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. नीट, दोन थर.

सुटलेल्या वायरला कुणी टेप लावत नाही, भाऊ.

एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असणार. पाहुणे दारात आले असणार. मागची कॉइल ओढून बाजूला काढली असती तरी भागलं असतं, तीन चुलींवर वरण शिजलं असतं. पण दोष कुठल्या कॉइलमध्ये आहे ते शोधायला पंधरा मिनिटं लागली असती. तू कटर काढलास. आणि मग उघडं टोक कुठं टेकू नये म्हणून टेप लावलीस. म्हणजे तुला कळत होतं. पत्र्यात वीज उतरते आहे, आता तिला वाट नाही, आता एमसीबी पडणार नाही, हे सगळं समजून तू ते केलंस, झाकण लावलंस आणि मला पेढा आणलास.

तुझ्या-माझ्यात नऊ वर्षं चाललेला वाद एका बोटभर टेपनं मिटला. मी जिंकले. इतकी वाईट जीत कुणाच्या वाट्याला येऊ नये. मी आतून कुठेतरी आशा धरून होते की मी चुकले असेन, माझ्याच हातून स्क्रू ढिला राहिला असेल. खरंच सांगते, ते मला सोसलं असतं. तू निष्काळजी नव्हतास हे सोसत नाही.

शकुनबाईनं विचारलं, "काय आहे ते?" मी तिला दाखवलं आणि समजावून सांगितलं. तिनं वाकून पाहिलं, वळलेल्या बोटानं टेपला हात लावला. मग नव्या मॅडमना बोलावून आणलं आणि म्हणाली, "मॅडम, याचा फोटू काढा."

मॅडमनी फोटो काढला. मी टेबलाशी बसून अर्ज लिहिला. जे पाहिलं, जे ऐकलं, जे माझ्यासमोर झालं ते सगळं. तुझं नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट. चौकशीत मी गप्प बसले, हेही लिहिलं आणि का बसले तेही. मॅडम वाचून म्हणाल्या, "ताई, ते तर वारले ना? आता यानं काय होणार?"

शकुनबाई म्हणाली, "मी जिती आहे."

मॅडमनी शिक्का मारला. खोटी तक्रार हा शेरा खोडायचा अधिकार त्यांना नाही, संस्थेकडे पाठवते म्हणाल्या. काय होईल ठाऊक नाही. शकुनबाईला एक झेरॉक्स मिळाली. तिला वाचता येत नाही. पाळीवर परत आल्यावर तिनं नवऱ्याला बोलावलं, सासूला बोलावलं, जाळी वाळत घालणाऱ्या बायांना बोलावलं आणि मला म्हणाली, "वाच."

मी वाचलं. उन्हात उभी राहून, तुझं नाव मोठ्यानं घेऊन. संपल्यावर ती म्हणाली, "आणखी एक डाव." मी पुन्हा वाचलं. तिच्या सासूनं शेवटी शकुनबाईच्या पाठीवर हात ठेवला. त्या घरातही कुणीतरी तिला खोटारडी म्हणालं असणार, हे मला तेव्हा कळलं.

मी हात जोडले. तिनं कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला. "आता जाय," म्हणाली. "सवा तीनची बस आहे."

माफ केलं म्हणाली नाही. मीही मागितली नाही. तुझ्यासाठी तर नाहीच नाही.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग, उद्या संस्थेचं पत्र येईल. ती तुझ्या फोटोसमोर वाती वळत बसली होती. ऐकून घेतलं. अर्थिंग म्हणजे काय ते तिनं मला दोनदा विचारलं, टेपचं एकदाच. मग म्हणाली, "तेरवीचा मंडप अजून सुटला नाई, सुमाबाई. चार दिवस थांबता नोतं येत?"

"नऊ वर्षं थांबली, वहिनी."

"मंग चार दिवसानं काय झालं असतं?"

तिनं वातींचं ताट उचललं आणि आत गेली. आज सकाळी ती माझ्याशी बोलली नाही. दुकानाची किल्ली खिळ्यावर असायची, ती तिथं नाही. बहुतेक मला आता दुकानामागची ही राहायची खोली सोडावी लागेल. पेटी तीच आहे. या वेळी न्यायला कुणी येणार नाही.

मला खूप काही बोलायचं होतं. तुला शिव्या द्यायच्या होत्या, त्या देऊन झाल्या. तरी संपलं नाही. आज दुपारी शेजारची एक बाई शेगडी घेऊन आली. दुकान बंद पाहून तिनं मागचं दार वाजवलं. "तापत नाई," म्हणाली. मी प्लग पाहिला, वायर पाहिली, झाकण उघडलं. स्विचचे पॉइंट जळलेले. आणि मी मान वर करून ओरडले, "भाऊ, स्विच आहे काय रे पुढं?"

बाई माझ्याकडे पाहत राहिली. मी शेगडीत मान घातली आणि जळका स्विच काढायला लागले.